व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावण्याआधी शिकवणाऱ्याची सचोटी तपासा

दादर स्टेशनच्या पश्चिमेला पुलावरून खाली उतरले की हातात जाहिरातींचे कागद पडतात. स्पर्धा परीक्षा, पोलिस भरती, बँकिंग, इंग्रजी संभाषण हे कागद जुने आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत नवे कागद आले आहेत: व्यक्तिमत्त्व विकास, आत्मविश्वास, 'माइंडसेट', लाइफ कोचिंग. जे कागदावर असते तेच मोबाइलवरही येत राहते.

परळ, नायगाव, लालबाग, काळाचौकी या भागांतल्या बौद्ध तरुण-तरुणींबरोबर आम्ही काम करतो. "हा क्लास लावू का?" हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला तो किंवा ती पहिलीच असते. घरात विचारायला कोणी नसते, म्हणून ते आमच्याकडे येतात. या प्रश्नाला 'लाव' किंवा 'लावू नको' एवढे उत्तर देऊन भागत नाही. शिकवणारा प्रामाणिक आहे की नाही हे कसे ओळखायचे, ते समजून घ्यावे लागते. या लेखात तेच मांडतो आहोत.

सचोटी म्हणजे आम्ही चार साध्या गोष्टी समजतो. जे देऊ म्हटले ते देणे. जे आपल्याला येत नाही ते येत नाही म्हणून सांगणे. पैसे कशाचे घेतो ते उघड ठेवणे. आणि शिकणाऱ्याचे हित आपल्या धंद्याच्या आधी ठेवणे.

गिरणगावात ही गरज का निर्माण झाली

आधी एक गोष्ट मान्य करू. प्रशिक्षणाची गरज खरी आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचे जगणे बदलले. वडील गिरणीत म्हणून मुलगाही गिरणीत, ही वाट बंद झाली. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि कार्यालये उभी राहिली. तिथल्या नोकरीसाठी मुलाखत द्यावी लागते, इंग्रजीत बोलावे लागते, चारचौघांत स्वतःबद्दल सांगावे लागते. चाळीतल्या खोलीत वाढलेल्या मुलाला हे कोणी शिकवलेले नसते. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या ऑफिसात गेल्या, त्यांना ते जेवणाच्या ताटावर बसून कळते. आपल्याला ते बाहेरून, पैसे मोजून शिकावे लागते.

म्हणून क्लास लावणारा मुलगा भोळा आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याची गरज बरोबर आहे. पण जिथे गरज मोठी आणि माहिती कमी, तिथे खोटे बोलणाऱ्याला मोकळे रान मिळते.

आपल्याकडचे तीन दाखले

चांगला मार्गदर्शक कसा असतो हे शोधायला आपल्याला परदेशी पुस्तकांकडे जाण्याची गरज नाही. आपल्या मुंबईतच तीन दाखले आहेत.

पहिला दाखला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचा. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव नावाचा विद्यार्थी त्यांना दिसला. त्यांनी चौकशी केली आणि वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. मुलगा जात्याच वाचणारा होता. त्याला कमी काय पडत होते, तर पुस्तक, ओळख आणि पैसा. गुरुजींनी नेमके तेच पुरवले. 'तुझे विचार बदल म्हणजे फी आपोआप भरली जाईल' असे त्यांनी सांगितले नाही.

दुसरा दाखला खुद्द बाबासाहेबांचा. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉईज अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्याख्याते म्हणून व्यापारी कायदा शिकवत होते. वकिली नवी होती, परळच्या चाळीत संसार होता, बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चालू होते आणि घर चालवायला पैसे लागत होते. म्हणजे कोचिंग क्लासमध्ये शिकवून मोबदला घेणे यात लाजिरवाणे काही नाही. विषय येतो, तो शिकवला, त्याचे पैसे घेतले. व्यवहार स्वच्छ. फुकट शिकवणारा तेवढा प्रामाणिक आणि फी घेणारा लबाड, अशी विभागणी आपण करू नये.

तिसरा दाखला १९५६ चा. राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी बाबासाहेबांनी मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' सुरू केले. १ जुलै १९५६ ला पहिली तुकडी बसली, त्यात विद्यार्थी होते फक्त १५. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोक त्यांच्या शब्दावर धम्मदीक्षेसाठी जमले. गर्दी जमवणे त्यांना अवघड नव्हते. तरी नेतृत्वाचे प्रशिक्षण द्यायचे ठरवले तेव्हा त्यांनी वर्ग भरवला आणि तुकडी १५ जणांची ठेवली. हजार जणांना एका हॉलमध्ये बसवून दोन तासांत नेता बनवण्याचे आश्वासन देणाऱ्यांशी याची तुलना करून पाहा.

फसवणूक कोणत्या मार्गाने होते

आमच्या पाहण्यात चार प्रकार पुन्हा पुन्हा येतात.

पहिला प्रकार, दुसऱ्याचे यश आपल्या नावावर लावण्याचा. याचा सर्वांत ठळक पुरावा यूपीएससीच्या कोचिंगमध्ये सापडला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग संस्थांच्या जाहिराती तपासल्या. पोस्टरवर ज्यांचे फोटो झळकत होते त्यांतल्या अनेकांनी पूर्व आणि मुख्य परीक्षा स्वतःच्या बळावर पार केली होती आणि त्या संस्थेत केवळ मुलाखतीचे मोफत मार्गदर्शन घेतले होते. जाहिरातीत मात्र हे लपवले होते, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटे की पूर्ण कोर्स करूनच हे सगळे अधिकारी झाले. अशा अनेक संस्थांना प्राधिकरणाने नोटिसा काढल्या आणि दंड केला. फोटो खरा, निकाल खरा, आणि तरी जाहिरात खोटी.

दुसरा प्रकार पायऱ्यांचा. पहिले सत्र मोफत, दुसरे अगदी स्वस्त, आणि तिथे शेवटच्या अर्ध्या तासात 'आज रात्रीपर्यंतच' सवलत असलेला महागडा कोर्स. तो संपला की 'लेव्हल दोन'. प्रत्येक पायरीवर सांगितले जाते की खरे रहस्य पुढच्या पायरीवर आहे.

तिसरा प्रकार साखळी विक्रीचा. नाव 'बिझनेस माइंडसेट सेमिनार', आत गेल्यावर कळते की आधी स्वतः वस्तू किंवा पॅकेज घ्यायचे आणि मग ओळखीच्यांना आणायचे. इथे तरुणाला कौशल्य काहीच मिळत नाही. त्याची नाती तेवढी विकली जातात. विहारातले मित्र, मामा, वहिनी, वस्तीतल्या मावशी, सगळे 'प्रॉस्पेक्ट' होतात. वर्षभराने पैसे गेलेले असतात आणि बोलणेही बंद झालेले असते.

चौथा प्रकार अधिकार नसताना मनाच्या दुखण्याला हात घालण्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला शिक्षण आणि नोंदणी लागते, मानसोपचारतज्ज्ञ तर डॉक्टरच असतो. 'लाइफ कोच' ही पाटी लावायला आपल्या देशात कोणताही परवाना लागत नाही. त्यामुळे नैराश्यात असलेल्या मुलाला डॉक्टरकडे पाठवण्याऐवजी 'निगेटिव्ह विचार सोड' म्हणून सेमिनारमध्ये बसवले जाते. अशा वेळी परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि १४४१६ ही टेली-मानसची मोफत हेल्पलाइन आहे, हे सांगणे हीच प्रामाणिक मदत होय.

पैशापेक्षा मोठे नुकसान

काळाचौकीकडची एक मुलगी आमच्याकडे आली होती. बी.कॉम. झालेली. आईने भिशीतून उचललेले पैसे तिने एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या कोर्सला भरले होते. नोकरी लागली नाही. विचारायला गेली तर उत्तर मिळाले की तुझ्या आतूनच अडथळा आहे, पुढची लेव्हल कर. तिने आम्हाला विचारलेला प्रश्न पैसे परत मिळतील का हा नव्हता. तिने विचारले, "माझ्यातच काही कमी आहे का?"

इथे सचोटीचा खरा प्रश्न आहे. लबाड दुकानदार वस्तू खराब निघाली तर निदान वस्तूवर ढकलतो. लबाड प्रशिक्षक दोष गिऱ्हाइकावर टाकतो. नोकरी लागली तर कोर्समुळे, नाही लागली तर तुझ्या माइंडसेटमुळे. कोर्स कधी चुकतच नाही. ज्या समाजाला शतकानुशतके 'तुमच्यातच खोट आहे' असे ऐकवले गेले, त्या समाजाच्या मुलीला तेच वाक्य नव्या भाषेत, पैसे घेऊन ऐकवले जाते.

समाजशास्त्रात सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली एक भेद स्पष्ट केला: वैयक्तिक अडचण वेगळी आणि सार्वजनिक प्रश्न वेगळा. एका मुलाला नोकरी नाही ही त्याची अडचण असू शकते. हजारो मुलांना नसेल तर तो समाजरचनेचा प्रश्न आहे. आपल्याच गिरणगावाचा इतिहास आठवा. गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात, अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचे कारण पुढे केले जाई. त्या कामगाराने कितीही आत्मविश्वास वाढवला असता तरी दार उघडले नसते. बाबासाहेबांनी तो प्रश्न कामगार चळवळीसमोर मांडला.

हे जुने झाले असे कोणाला वाटेल. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे बदलली. दलित आडनावाच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता स्पष्टपणे कमी निघाली. अर्ज करणाऱ्याचा माइंडसेट तिथे तपासलाच गेला नव्हता, कारण अर्जामागे माणूसच नव्हता.

याचा अर्थ कौशल्य शिकू नये असा नाही. मुलाखतीची तयारी करा, इंग्रजी बोलायला शिका, त्याचा उपयोग होतो. पण प्रामाणिक प्रशिक्षक दोन्ही गोष्टी सांगतो: तुझ्या हातात काय आहे आणि तुझ्या हातात काय नाही. पहिलीच सांगणारा अर्धे खोटे बोलतो.

धम्माने दिलेला निकष

'मुसावादा वेरमणी' आपण दर रविवारी म्हणतो. सम्यक आजीविका अष्टांगिक मार्गात आहे. शिकवण्याच्या व्यवसायाला हे दोन्ही लागू होतात. त्यापुढे जाऊन सिगालोवाद सुत्तात गुरूची शिष्याप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्याला नीट वळण लावावे, समजेल असे शिकवावे, विद्या राखून न ठेवता पूर्ण द्यावी, मित्रपरिवारात त्याची शिफारस करावी आणि त्याला सर्व दिशांनी संरक्षण द्यावे. केळुसकर गुरुजींनी काय केले ते या यादीशी ताडून पाहा.

महापरिनिब्बान सुत्तात तथागत सांगतात की आपल्याकडे आचार्यमुष्टी नाही. म्हणजे शिष्यापासून काही लपवून ठेवलेली बंद मूठ नाही. 'खरे रहस्य पुढच्या लेव्हलला' म्हणणाऱ्याची मूठ बंद असते. आणि केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी दिलेला उपदेश आपण सभांतून सांगतोच: परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हाच नियम मंचावर माइक घेऊन उभ्या असलेल्या वक्त्याला लावायचा, मग तो आपल्या समाजाचा का असेना.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. यशाची किंवा नोकरीची हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव आणि फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता कोर्स किती काळ केला, पैसे भरून केला की मोफत, हे सांगावे लागते. 'शेवटच्या दोन जागा' असली खोटी घाई करता येत नाही.

या तत्त्वांना मर्यादा आहे. ती पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत आणि समुपदेशन त्यांतून वगळले आहे. त्यामुळे छोटा क्लास किंवा स्वतःला समुपदेशक म्हणवणारा कोच त्यांतून निसटू शकतो. पण फसव्या जाहिरातीचा मूळ कायदा पैसे घेऊन सेवा विकणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. साखळी विक्रीसाठी २०२१ चे थेट विक्री नियम आहेत. पिरॅमिड योजनेला त्यांत बंदी आहे आणि सामील होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. त्यासाठी पावती, जाहिरातीचा फोटो आणि मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा. रोख देऊन पावती न घेणे ही सगळ्यात मोठी अडचण ठरते.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. तुम्ही नेमके काय शिकवणार? कोर्सच्या शेवटी मला कोणती गोष्ट करता येईल, जी आज येत नाही?

२. शिकवणारा कोण, त्याचे शिक्षण आणि अनुभव काय? ज्या क्षेत्रात यश मिळवायला शिकवतो, त्यात त्याने स्वतः काम केले आहे का, की हा क्लासच त्याचा एकमेव धंदा आहे?

३. पोस्टरवरच्या मुलांनी कोणता कोर्स केला? त्यांतल्या दोघांशी बोलता येईल का? आणि ज्यांना यश मिळाले नाही ते किती?

४. एकूण खर्च किती? यापुढे आणखी पायरी आहे का? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळण्याचा नियम लेखी आहे का?

५. मला कोणाला सोबत आणावे लागेल का, काही विकावे लागेल का?

६. मला घरी जाऊन विचार करायला दोन दिवस मिळतील का?

सहाव्या प्रश्नाला 'नाही' उत्तर आले तर बाकीचे विचारण्याची गरज नाही. उठून यावे. आणि क्लास शोधण्याआधी सरकारी वाटा पाहाव्यात. बार्टीकडून अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण चालते, यूपीएससीसाठी मुंबईतच राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे. त्यांच्या जाहिराती विहाराच्या फलकावर वेळेत लागल्या तरी अनेकांचे पैसे वाचतील.

हेच प्रश्न आपल्यालाही

शेवटचा मुद्दा कार्यकर्त्यांसाठी आहे आणि तो थोडा टोचणारा आहे. आपल्या विहारांत, मंडळांत अभ्यासिका आणि मार्गदर्शन शिबिरे चालतात. चालवणारे मनापासून करतात. पण हेतू चांगला असला की हिशेब दाखवायची गरज नाही, असा समज आपल्यात रुजला आहे. दोन व्याख्यानांना येऊन गेलेली मुलगी पोलिस भरतीत निवडली गेली की बॅनरवर 'आमच्या केंद्राची विद्यार्थिनी' म्हणून तिचा फोटो लागतो. हेच दिल्लीच्या संस्थांनी केले तर त्यांना दंड होतो.

म्हणून आमची सूचना आहे. विहारातला कोणताही वर्ग सुरू करताना चार गोष्टी फलकावर लावाव्यात: शिकवणाऱ्याचे नाव आणि पात्रता, जमा झालेली वर्गणी आणि खर्च, गेल्या वर्षी किती जण बसले आणि किती निवडले गेले, आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव, ज्यात एक महिला असावी. मुलांचे फोन नंबर कोणत्याही पक्षाला किंवा क्लासला देऊ नयेत. अभ्यासाला आलेल्यांना मोर्च्याची गर्दी म्हणून मोजू नये. मोर्च्याला यायचे की नाही हे त्यांनी स्वतः ठरवावे.

निकाल कमी असेल तर तोही लिहावा. वीस बसले, एक निवडला गेला, असे फलकावर वाचून काही मुले दुसरीकडे जातील. जी थांबतील त्यांना निदान ठाऊक असेल की इथे सांगितले जाते ते खरे असते.

जय भीम! नमो बुद्धाय!